टीएशिप घेऊन निघालीस, तर आधी शिकवायची तयारी कर

तासगावहून तू लिहिलंस, "ताई, अमेरिकेत गणितात पीएचडीला प्रवेश मिळालाय, सोबत टीचिंग असिस्टंटशिपही (टीएशिप) आहे. आठवड्याला 20 तास शिकवायचं आणि स्वतःचे तीन विषयही घ्यायचे. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, मला जमेल का? जोडीला लायब्ररीत काम धरलं तर तिकिटासाठी काढलेलं कर्ज लवकर फिटेल का?"

जमेल. मीही सांगलीत मराठी शाळेतच शिकले आणि आज चौथं वर्ष आहे, इथल्या पोरांना कॅल्क्युलस शिकवतेय. पण तयारी कशाची करायची हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी लायब्ररीचं. एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं. टीएशिप 20 तासांची असेल तर तुझी मर्यादा तिथेच भरली. त्यामुळे तो विचार आत्ताच सोड. त्यापेक्षा नियुक्तीपत्र नीट वाच आणि विभागाला ईमेल करून तीन गोष्टी विचार. पगार नऊ महिने की बारा? शिकवणी शुल्क माफ आहे, पण बाकीची फी आणि आरोग्य विमा कोण भरणार? आणि पहिला पगार कधी? मी ऑगस्टच्या मध्यावर रुजू झाले आणि पहिला पैसा हातात आला सप्टेंबरअखेर. सोशल सिक्युरिटी नंबर, बँक खातं, सगळं मार्गी लागेपर्यंत वेळ जातो. त्याआधीच खोलीचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं द्यावं लागलं. दोन महिने निघतील एवढे डॉलर जवळ ठेवूनच निघ. बाबांकडे मागायला संकोच वाटतोय हे कळतं मला, पण इथे येऊन उसने मागणं त्याहून जड जातं.

तारखेचंही बघ. आय-20 वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या प्रवेशाच्या कागदावर, जी सुरुवातीची तारीख असेल तिच्या 30 दिवस आधीपासून तुला अमेरिकेत शिरता येतं. सत्र ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं, म्हणजे निघायचे दिवस नेमके आपल्या पुराचे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेनं काय केलं ते तू पाहिलंयस. कोल्हापूरजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता. विमान मुंबईहून असेल तर दोन-तीन दिवस आधीच पुण्याला नाहीतर मुंबईला कुणाकडे तरी जाऊन राहा.

आता खरं बोलायचं ते शिकवण्याबद्दल. तुझी सगळी भीती इंग्रजीची आहे, आणि तीही व्याकरणाची. माझं व्याकरण बरं होतं. मी अडकले ती गणिताच्याच भाषेत. पहिल्या आठवड्यात फळ्यावर एक्स, कंस, एक्स अधिक दोन असं लिहिलं आणि सवयीनं म्हणाले, "एक्स इंटू एक्स प्लस टू." पुढच्या बाकावरच्या मुलानं वहीत भागाकार मांडला. मी जवळ जाऊन पाहिलं, तो निमूटपणे लांब भागाकार करत बसला होता! इथे 'थ्री इंटू ट्वेल्व्ह' म्हटलं की बाराला तीननं भागायचं असं लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. गुणाकाराला 'टाइम्स' म्हण. 'थ्री बाय फोर' नको, 'थ्री ओव्हर फोर' म्हण. ब्रॅकेटला 'परेन्थेसिस', झेडला 'झी'. आणि 'आय हॅव अ डाऊट' म्हणू नकोस, त्यांना वाटतं तुझा विश्वासच नाही. 'क्वेश्चन' म्हण. ही यादी मी त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर लिहिली आणि महिनाभर रोज तासाला जाताना वाचली.

बऱ्याच विद्यापीठांत परदेशी टीएची बोलण्याची परीक्षा असते. पाच-दहा मिनिटं एखादी संकल्पना शिकवून दाखवायची आणि समोरचे प्रश्न विचारतात. तिथे उच्चारापेक्षा प्रश्न ऐकून घेतेस का, ते बघतात असा माझा अनुभव. आपल्याकडे बाई फळ्याकडे तोंड करून लिहीत जातात आणि आपण उतरवून घेतो, ती सवय मोडायला मला पूर्ण सत्र लागलं. प्रश्न विचारलास की मनात दहा आकडे मोज. शांतता असह्य होते, पण सातव्या-आठव्या आकड्याला कुणीतरी बोलतंच. उत्तर आलं नाही तर "बघून पुढच्या तासाला सांगते" म्हण आणि खरंच सांग. मुलं तुला नावानं हाक मारतील, टोपी घालून बसतील, तासात सफरचंद खातील. त्यात अपमान नसतो.

गुणांच्या बाबतीत मात्र फार जप. फर्पा नावाचा 1974 चा कायदा आहे. एकाचे गुण दुसऱ्याला कळता कामा नयेत, मुलाच्या परवानगीशिवाय आईवडिलांनाही सांगता येत नाहीत. आपल्यासारखं वर्गात गुण वाचून दाखवणं, तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा टेबलावर ठेवून "आपापला घ्या" म्हणणं, दोन्ही चालत नाही. आणि तू स्वतः विद्यार्थिनी आहेस तेव्हाही सांभाळ. एकमेकींच्या जर्नल बघून सबमिशन पूर्ण करायची आपली रीत इथे थेट चोरी ठरते. गृहपाठ मैत्रिणीबरोबर चर्चून सोडवायची मुभा असेल तर तसं लिहून दे, पण उतरवून घेऊ नकोस.

वेळेचं सांगायचं तर तपासणीचे गठ्ठे तुला खाऊन टाकतील. मी पहिल्या चाचणीला एका पेपरवर वीस मिनिटं घालवली, प्रत्येक चुकीपुढे परिच्छेद लिहिले, आणि माझ्याच विषयाचा गृहपाठ राहून गेला. आता आधी गुणांची वाटणी ठरवते आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एका दमात तपासते, मग दुसरा. तुझे तीन विषय हेच तुझं शिक्षण आहे, सरासरी घसरली तर टीएशिपही जाऊ शकते. शिकवण्याची हौस मला पुरेपूर कळते, तरी दिवसाचा पहिला, ताजा वेळ स्वतःच्या अभ्यासाला दे.

सामानात कुकर, हळद, गोडा मसाला, भडंग आण. तांदूळ नको, विमानतळावरच काढून घेतात. जाड कोट इथेच घे.

जायला तीन महिने आहेत. गल्लीतली आठवी-नववीची दोन पोरं धर आणि रोज अर्धा तास त्यांना इंग्रजीतून गणित शिकव. चुकलीस तर ती हसतील, हसू दे. आणि शनिवारी रात्री आठला मला व्हिडिओ कॉल कर, तेव्हा माझी सकाळ असते. दहा मिनिटांत कॅल्क्युलसमधला चेन रूल शिकवून दाखव. मधूनमधून मी प्रश्न विचारीन.