कातर हातात असताना हाक आली तर

या वेळच्या पत्रांत एकच दुखणं निरनिराळ्या घरांतून आलं आहे: काम हाताला लागतं न लागतं तोच कोणीतरी हाक मारतं, आणि नाही म्हणायची चोरी. त्यातली चार पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न: मी घरीच ब्लाउज शिवते. लग्नसराईत आठवड्याला 25-30 असतात. गिऱ्हाईक गल्लीतलंच, त्यामुळे वेळकाळ न बघता येतं. कोणी माप द्यायला, कोणी ‘झालं का गं?’ विचारायला, कोणी नुसतंच टेकायला. मागच्या महिन्यात पैठणीच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या गेल्या. काठ तेवढाच होता. ‘आत्ता येऊ नका’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. (इचलकरंजी)

आधी त्या बाह्यांचं बघू. कापड घडी घालून कापलं की उजवी-डावी जोडी आपोआप निघते. काठाच्या तुकड्यात तसं होत नाही. काठ एकाच कडेला असतो, म्हणून बाह्या शेजारी शेजारी, एकेरी कापडावर आखाव्या लागतात. पुढचा मुंढा (बगलेचा गोल काप) मागच्यापेक्षा खोल, त्यामुळे दुसऱ्या बाहीला कागदी खाका उलटा ठेवायचा असतो. हे ‘उलटा ठेवायचाय’ कापडावर कुठे लिहिलेलं नसतं, ते फक्त तुमच्या डोक्यात असतं. नेमकी तेव्हा दारातून हाक आली की तेवढंच गळतं, कारण हात आपल्या सवयीने पुढे चालत राहतो.

हा तुमचा वेंधळेपणा नव्हे. अमेरिकेत ऑल्टमन आणि ट्रॅफ्टन वगैरे संशोधकांनी 2014 मध्ये ठरावीक क्रमाने करायचं काम लोकांना दिलं आणि मध्ये छोटे अडथळे आणले. सरासरी 2.8 सेकंदांच्या अडथळ्याने क्रमाच्या चुका दुप्पट झाल्या, 4.4 सेकंदांच्या अडथळ्याने तिप्पट. ‘झालं का गं?’ विचारायला याहून जास्त वेळ लागत नाही.

पण म्हणून दिवसभर दार लावून बसायची गरज नाही. हूक-आय, हातशिलाई, फॉल, इस्त्री ही कामं गप्पा मारत होतात, उलट गप्पांनी ती हलकी होतात. जपायची ती आखणी आणि कापणी. अस्तराच्या एका ब्लाउजला सरावलेल्या हाताला 20-25 मिनिटं धरा. आठवड्याचे 25-30 म्हणजे रोजचे पाच, म्हणजे साधारण दोन तास. घर रिकामं असतं ते दोन तास निवडा, समजा साडेदहा ते साडेबारा, आणि रोजची सगळी कापणी त्यातच उरका. एक ब्लाउज कापला, शिवला, मग दुसरा कापला, असं केलंत तर नाजूक वेळ दिवसभर विखुरते आणि ती राखता येत नाही.

दारावर पाटी लावा: ‘मापं व ट्रायल: दुपारी 4 ते 6.30’. एवढंच. ‘कामात व्यत्यय आणू नये’ असलं काही लिहू नका. ते वाचून माणूस दुखावतं आणि तरीही कडी वाजवतंच, कारण मग कधी यायचं ते त्यात सांगितलेलंच नसतं. तोंडी सांगायचं वाक्यही तयार ठेवा: ‘काकू, कापडाला कातर लावलीय. चार वाजता या, निवांत बघू.’ हे उंबऱ्यातच बोलायचं. ‘दोन मिनिटं बसा हं’ इथे सगळं बिघडतं. समोर माणूस बसलं की तुमचा एक डोळा त्याच्याकडे राहतो, आणि ते अर्धा तास बसतं.

आता ‘झालं का’वाल्या. त्या येतात कारण त्यांच्या हातात तारीख नसते. मापवहीत लिहाल तेच चिठ्ठीवर लिहून द्या: ट्रायलची तारीख, देण्याची तारीख. देण्याचे वार दोनच ठेवा, गुरुवार आणि रविवार, आणि मनातल्या तारखेपेक्षा दोन दिवस पुढची तारीख द्या. तारीख पाळली जाते हे दोन-तीन वेळा दिसलं की या फेऱ्या कमी होतात. पाळली नाहीत तर पाटी कितीही मोठी लावा, लोक येणारच, आणि त्यांचं काही चुकत नाही.

अडचण सगळ्यांनाच असते. संध्याकाळी हळद आहे आणि ब्लाउज काखेत घट्ट होतो, तर त्या बाईला चारपर्यंत थांबवता येणार नाही. रोज एकच तातडीचं काम घ्यायचं, तेही साडेबारानंतर. पहिल्या आठवड्यात मात्र साडेबाराच्या आत कोणालाच आत घेऊ नका. एकदा घेतलंत की ‘ती हो म्हणते’ हे संध्याकाळपर्यंत गल्लीभर होतं.

इतकं करूनही उठावं लागेलच. तेव्हा कातर चालू असेल तर खाचेपर्यंतची रेघ पुरी करून मगच उठा. आणि कापायच्या आधीच प्रत्येक तुकड्याच्या उलट्या बाजूवर खडूने ‘उ’, ‘डा’ लिहा, माया (शिवणीत जाणारं जादा कापड) सोडली असेल तिथे फुली मारा. डोक्यातलं कापडावर आलं की हाक आली तरी ते जागेवर राहतं.

त्या पैठणीची बाही अजून ठेवली असेल तर उलटून बघा. हातमागावरच्या पैठणीचा काठ दोन्ही बाजूंनी बहुतेक सारखा दिसतो. तसा असेल तर एक बाही उलटी लावली की डाव्याची उजवी होते. यंत्रमागाचा काठ असेल आणि मागे धागे सुटलेले असतील, तर हा उपाय नाही.

प्रश्न: तालुक्याच्या गावी जीएसटी आणि हिशेबाची कामं करतो. 60-70 व्यापारी आहेत. महिन्याच्या 10-11 आणि 18 ते 20 तारखेला फोन थांबत नाही. व्हॉट्सॲपवर बिलांचे फोटो, रात्री अकराला व्हॉइस मेसेज. एकाचा ताळा अर्धा लागतो तोवर दुसऱ्याचा फोन. उचलला नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल अशी भीती वाटते. (जि. सातारा)

तुम्हाला फोनपेक्षा तारखा जास्त छळतायत. दरमहा भरणाऱ्यांना जीएसटीआर-1 ची, म्हणजे विक्रीच्या विवरणाची, मुदत 11, आणि 3बी ची, म्हणजे कर भरायच्या विवरणाची, 20. तिमाहीला विवरण भरणाऱ्यांच्या बिलांसाठी 13, आणि महाराष्ट्रात त्यांच्या 3बी ला 22. सरकारची शेवटची तारीख हीच व्यापारी तुमचीही शेवटची तारीख समजतो आणि दहा तारखेला रात्री फोटो पाठवतो. तुमची स्वतःची तारीख वेगळी हवी, आणि ती त्याला माहीत हवी.

इथे विक्री आणि खरेदी वेगळी काढा. विक्रीची बिलं त्या महिन्याच्या विवरणातच यायला हवीत, ती मागे ठेवून चालत नाही, म्हणून ती 5 तारखेला मागा. खरेदीचं बिल उशिरा आलं तर त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, पुढच्या महिन्यात घेता येतं. पाच तारखेनंतर आलेली खरेदी पुढच्या महिन्याला जाईल, हे आत्ताच सगळ्यांना कळवा. व्यापाऱ्याला हे चटकन समजतं, कारण क्रेडिट लांबलं की तेवढी रोकड त्याच्याच खिशातून जाते. उशीर केला तर 3बी ला दिवसाला 50 रुपये आणि निरंक (व्यवहारच नसलेल्या) विवरणाला 20 रुपये विलंब शुल्क आहे, तेही त्याच निरोपात सांगा.

तुमचं नाजूक काम म्हणजे 2बी शी, म्हणजे पुरवठादारांच्या विवरणांवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या खरेदीच्या यादीशी, खरेदीचा मेळ घालणं. 2बी 14 तारखेला येते, तेव्हा 15 ते 18 या चार दिवसांच्या सकाळी तुमच्या. सात ते साडेदहा फोन बंद, दुकानं तशीही तोवर उघडलेली नसतात. फोनच्या वेळा दोन: 11 ते 12.30 आणि 4 ते 5.30.

व्हॉट्सॲप बिझनेस वापरत असाल तर ‘अवे मेसेज’ला (आपण नसताना आपोआप जाणाऱ्या उत्तराला) वेळापत्रक लावता येतं. मजकूर असा काहीसा: ‘बिलं मिळाली की नोंद होते. फोन 11 ते 12.30 आणि 4 ते 5.30. जीएसटीची नोटीस आली असेल तर फक्त “नोटीस” असं लिहून फोटो पाठवा.’ शेवटचं वाक्य गाळू नका. खरी घाई कुठल्या दाराने आत येणार हे सांगितलं नाही, तर सगळेच घाई सांगतात.

अँड्रॉइडवर ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलं तरी त्याच माणसाने 15 मिनिटांत पुन्हा फोन केला तर तो वाजू देण्याची सोय असते. आयफोनवर ही मुदत 3 मिनिटांची आहे. घरच्यांसाठी सोय उत्तम, पण गिऱ्हाइकांना तिचा पत्ता लागला की सगळे दोनदा फोन करायला लागतात. ती बंद करून घरचे चार-पाच नंबर तारांकित करा आणि तेवढ्यांनाच वाट द्या. मग घरातल्या एकाला फोन करायला लावून वाजतो का ते तपासा.

गिऱ्हाईक जाण्याची भीती समजते. पण ते जातं विवरण चुकलं की. फोन सकाळी अकराला उचलला म्हणून सहसा जात नाही. रात्री अकराच्या व्हॉइस मेसेजला मात्र रात्रीच उत्तर देऊ नका. दिलंत की पेढी रात्री उघडी असते हे तुम्हीच कळवलंत. उत्तर सुचलं तर वहीत लिहा, सकाळी पाठवा.

उलट बाजूने एक तक्रार आम्ही नोंदवतो: ओटीपीसाठी तुम्हीही व्यापाऱ्याला अवेळी फोन करता. तो गल्ल्यावर असतो, अर्ध्या तासाने परत फोन करतो, आणि तुम्ही तोवर तिसऱ्याच्या हिशेबात. ओटीपीची वेळ ठरवा, साडेपाच ते साडेसहा, आणि त्या दिवशी कोणाकोणाचा लागेल ते सकाळीच कळवा.

ताळा अर्धा सोडावाच लागला तर उठण्याआधी एक ओळ लिहा, पण ‘खरेदी बाकी’ अशी मोघम नको. ‘31 पैकी 14 जुळली, पंधराव्यात बिल क्रमांकात शून्याऐवजी ओ आहे, पुढे सोळावं’ अशी. सोफी लेरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये दाखवलं की एक काम सोडून दुसऱ्याकडे गेलं तरी लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. पुढे 2018 मध्ये तिने आणि थेरेसा ग्लॉम्ब यांनी मांडलं की कुठे थांबलो आणि परत आल्यावर काय करायचं, हे उठतानाच लिहून ठेवलं तर ती अडकण कमी होते. लिहायला अर्धं मिनिट पुरतं.

प्रश्न: मी घरून नोकरी करते. सासूबाई प्रेमळ आहेत, पण दर पंधरा मिनिटांनी हाक: कुकरच्या शिट्ट्या किती, सिलिंडरवाला आलाय, गोळी कुठली घ्यायची. दार लावलं तर त्यांना राग येतो. इअरफोनचा उपयोग होत नाही. (ठाणे)

इअरफोन त्यांना दिसतच नाहीत, केसांत झाकले जातात. आणि लावलेलं दार त्यांना ‘तुम्ही नकोत’ असं सांगतं. तुम्ही कधी बाहेर येणार ते दार सांगत नाही. ते शब्दांत सांगा: ‘आई, साडेअकराला चहाला येते, तेव्हा सगळं विचारा.’ मग काम अर्धवट असलं तरी साडेअकराला बाहेर या. दोन दिवस पावणेबारा केलेत की हाका पुन्हा सुरू होतील.

गोळ्या आठवड्याच्या डबीत भरून ठेवा. सिलिंडरचा डिलिव्हरी कोड त्यांच्याही फोनवर पाठवा, बाकीचं फ्रिजवरच्या पाटीवर लिहायला सांगा. आणि नवराही घरून काम करत असेल, तर हाक त्याला का जात नाही हा प्रश्न त्यालाच विचारा. चहाची एक वेळ तुमची, एक त्याची. आईंना हे त्यानेच सांगायचं.

प्रश्न: अभ्यासिकेत एमपीएससीचा अभ्यास करतो. तासाला कोणीतरी ‘चल, चहा मारू’ म्हणतं. नाही म्हटलं तर शिष्ट समजतात. (पुणे)

‘नाही’ म्हणू नका, ‘अकराच्या चहाला आहे’ म्हणा, आणि अकराला स्वतःहून उठून त्यालाच हाक मारा. दुसरा चहा पाचचा. दोन्ही चहा वीस मिनिटांचे, कटऑफची चर्चा तिथेच. फोन टेबलावर पालथा ठेवून काही होत नाही, तो बॅगेत, बॅग लॉकरमध्ये. मध्येच ‘अर्जाची तारीख बघू’ असं सुचलं तर शेजारच्या कोऱ्या कागदावर टिपा. अकराला तो कागद घेऊन खाली जा. त्यातलं निम्मं तोवर बघायची गरज उरलेली नसते.