कासवे आली, पाहुणे आले, विहिरीचे काय?

प्रश्न : आमच्या गावच्या पुळणीवर समुद्री कासवे अंडी घालतात. पिल्ले पाहायला फेब्रुवारी-मार्चमध्ये पाहुणे येतात आणि सहा-सात घरे त्यांची राहण्या-जेवणाची सोय करून चार पैसे मिळवतात. आम्हा मच्छीमारांना मात्र ‘दिवे लावू नका, जाळी पसरू नका’ एवढेच ऐकावे लागते. वाडीची सामाईक विहीर यंदा शिमग्याआधीच तळाला गेली. आम्ही विरोध करावा का?
— एक भगिनी, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ताई, आधी आपल्याच जिल्ह्यातले वेळास पाहावे. मंडणगड तालुक्यातील या गावात पूर्वी कासवाची अंडी उकरून नेली जात; २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती कुंपणात जपली, आणि पुढे पाहुण्यांना गावातल्या घरांतच उतरवण्याची पद्धत पडल्याने पैसा थेट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला. तरीही ज्यांच्याकडे जादा खोली नाही, त्यांच्या वाट्याला अशा कमाईतले थोडेच येते. आपली तक्रार रास्त आहे.

पाण्याची तर अधिकच. अंडी उबायला ४५ ते ६० दिवस लागतात, त्यामुळे पिल्ले पाहण्याचा बराचसा हंगाम येतो तो नेमका जांभ्यातल्या विहिरी आटू लागण्याच्या दिवसांत. (शहरातला पाहुणा दिवसातून दोनदा अंघोळ करतो, हे यजमानीणबाईंनाच विचारावे!) म्हणून एका रात्री गावात किती माणसे उतरावीत, हे खोल्या मोजून न ठरवता विहीर पाहून ठरवावे. अंड्यांचा हंगाम साधारण नोव्हेंबरात सुरू होतो. त्याआधीच्या ग्रामसभेत हा आकडा आणि दर पाहुण्यामागे गावनिधीत भरायची रक्कम ठरवून घ्यावी, आणि त्या निधीतून विहिरीचा गाळ काढावा व पुळणीवर रात्रीची गस्त घालणाऱ्यांना मानधन द्यावे. गस्तीचे काम आधी मच्छीमार घरांतील मुलांना मिळावे, असे मला वाटते.

दिव्यांचा नियम मात्र मोडू नये, कारण पिल्ले उजेडाच्या दिशेने धावतात आणि घरातल्या दिव्याला फसून समुद्राकडे पाठ फिरवतात. तोच नियम पाहुण्यांच्या पडवीलाही लागू करावा.

जाळ्यात कासव अडकल्यास ते जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य शासनाच्या योजनेतून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. कासव सोडताना छायाचित्र काढून ठेवावे. अर्जासोबत ते पुरावा म्हणून लागते.