आधी बघ, मग टिप
फोनवर निसर्गाचे फोटो काढायला पहिल्याच दिवशी मलप्रभेच्या उगमाला कणकुंबीपर्यंत धावू नकोस. बेळगावात टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारातली झाडं रग्गड आहेत. सकाळी लवकर जा, फोन एरोप्लेन मोडवर टाक आणि एकाच झाडापाशी बस. पहिली दहा मिनिटं फोन खिशातच. (मला हे जमायला सहा महिने लागले, तोवर नुसते फॉरवर्ड करायचे फोटो!) मग कोळ्याच्या जाळ्यावरचा एकच थेंब निवड. स्क्रीनवर त्या थेंबावर बोट दाबून धर, बऱ्याच फोनांत फोकस लॉक होतो. धूसर दिसलं तर वीतभर मागे सर. श्वास सोडताना बटण दाब, हात कमी हलतो. वाऱ्यानं जाळं हललं? थांब, चिडू नकोस. घरी पोचेपर्यंत गॅलरी उघडायची नाही.