पीडोच्या (लहान मुलांच्या दंतविभागातल्या) पोस्टिंगची धास्ती घेतलेल्या ज्युनिअरसाठी

मूल रडलं म्हणजे तुझं काम चुकलं, हे आधी डोक्यातून काढ. तीन वर्षांचं मूल अनोळखी खुर्चीत रडणारच. खरी धास्ती इंजेक्शनची असते, त्यालाही आणि तुलाही. म्हणून आधी त्याचं वजन करून लिग्नोकेनचा (दात बधिर करणाऱ्या औषधाचा) कमाल डोस लिहून ठेव: किलोमागे ४.४ मिलिग्रॅम. १५ किलोच्या मुलाला ६६ मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांचं (मिलीमागे २० मिलिग्रॅम) ३.३ मिली. हिशोब पक्का असला की निम्मी धडधड तिथेच थांबते. टोचायच्या जागी बधिर करणारं जेल लावून मिनिटभर थांब, औषध अगदी सावकाश सोड. दात घासून चमकवायचा पॉलिशिंग कप आधी त्याच्या नखावर फिरवून दाखव. ‘दुखणार नाही’ असं मात्र कधीच सांगू नकोस. ‘जरासं टोचेल’ म्हण. अडलंस तर मॅडमना लगेच बोलाव.