तोंडी परीक्षेत सगळं ब्लँक, अपमान मात्र शब्दन् शब्द लक्षात

प्रश्न: तोंडी परीक्षेला बसलं की पाठ केलेलं सगळं गायब होतं आणि नंतर दोनेक तासांनी आपोआप धडाधड आठवायला लागतं. पण परीक्षक काय टोचून बोलले, हातातलं पेन कसं टकटक करत होते ते दोन वर्षांनीही जसंच्या तसं आठवतं. माझ्या मेमरीत काही गडबड आहे का?

उत्तर: मेमरी ठणठणीत आहे हो, घोळ हॉर्मोन्सच्या टायमिंगचा आहे. घाबरलं की अ‍ॅड्रेनालिन सेकंदात सुटतं, छाती धडधडते, तळवे ओले होतात. कॉर्टिसोल हे ताणाचं दुसरं हॉर्मोन मात्र सावकाश चढतं, साधारण २० ते ३० मिनिटांनी टिपेला पोचतं, म्हणजे तुम्ही बाहेर बाकड्यावर नंबर यायची वाट बघत घाबरत बसता आणि नाव पुकारेपर्यंत ते नेमकं फुल्ल झालेलं असतं. आणि पाठ केलेलं जिथून वर काढायचं त्या हिप्पोकॅम्पस नावाच्या मेंदूच्या भागात कॉर्टिसोलला पकडणारे रिसेप्टर खच्चून भरलेत, म्हणून आठवणं तिथेच अडतं.

१९९८ मध्ये उंदरांवर एक मस्त प्रयोग झाला होता. पाण्याखाली लपवलेला चौथरा शोधायला ते शिकले, दुसऱ्या दिवशी त्यांना शॉक दिला. २ मिनिटांनी पाण्यात सोडले तर बरोबर गेले, ३० मिनिटांनी सोडले तर भरकटले, आणि ४ तासांनी परत व्यवस्थित! तुमचीच गोष्ट की ही.

अपमानाचं उलट आहे. आठवायला आडवी येणारी हीच हॉर्मोन्स त्या क्षणी घडणारं मात्र अमिग्डाला या मेंदूतल्या भावनांच्या केंद्राच्या मदतीने पक्कं कोरून ठेवतात, म्हणून ते पेन अजून टकटकतंय.

वागण्यावरही परिणाम होतो बरं का, ताणात मेंदू विचार सोडून सवयीवर जातो, पासवर्ड बदललेला माहीत असूनही बोटं जुनाच टाइप करतात.

(धडधड थांबवायच्या गोळ्या मित्राकडून घेऊन खाऊ नका, दमा असेल तर त्यातल्या काही महागात पडतात.)

करायचं काय, तर नुसतं वाचत बसू नका, पुस्तक मिटून स्वतःलाच प्रश्न विचारा आणि मोठ्याने उत्तर द्या, कारण असं आठवून आठवून पक्कं केलेलं ताणातही बऱ्यापैकी टिकतं, नुसतं पुन्हा पुन्हा वाचलेलं आधी उडतं.