वाचकांचे प्रश्न: पट्टे नसलेला गार्टर

प्रश्न: अमेरिकेतल्या ओहायोमध्ये ईरी सरोवराच्या काठी परसातल्या दगडांखाली एक साप सापडला. लांबी दीड फूट, अंग पूर्ण काळं, फक्त हनुवटी पांढरी. शेजारी गार्टर (उत्तर अमेरिकेतला छोटा, माणसाला निरुपद्रवी साप) म्हणतात, पण गार्टरला पिवळे पट्टे असतात ना? सध्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवला आहे.

उत्तर: शेजाऱ्यांचं बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. काळे गार्टर ईरी सरोवराच्या दोन्ही काठांवर, ओहायोत आणि पलीकडे कॅनडाच्या ऑन्टारिओत, इतर ठिकाणांपेक्षा खूप जास्त दिसतात. ही वेगळी जात नाही. पट्टेवाला आणि काळा, दोघेही थॅम्नोफिस सर्टालिसच.

पण काळ्या सापाची ओळख रंगावरून करू नये, कारण त्या भागात काळे दिसणारे साप बरेच आहेत. हात लावण्याआधी लांबूनच दोन गोष्टी पाहा: डोळ्याची बाहुली गोल आहे ना, आणि शेपटीच्या टोकाला खुळखुळा नाही ना. ओहायोतला मॅसासॉगा हा विषारी खुळखुळ्या साप कधी कधी बराच गडद असतो. त्याची बाहुली उभी फट असते आणि डोळा व नाकपुडी यांच्या मध्ये एक खळगा असतो.

त्यानंतर खवले. गार्टरच्या पाठीवरच्या प्रत्येक खवल्याच्या मधोमध एक उभी कडा असते, त्यामुळे अंग खरखरीत लागतं. आपल्याकडच्या नानेटीची पाठ अशीच असते. दोघे एकाच उपकुळातले. काळा रेसर हा तिथलाच दुसरा काळा साप गुळगुळीत असतो, तो इथेच बाद होतो. मग पोटाकडून शेपटीच्या सुरुवातीला, मलद्वार झाकणारा खवला पाहा. गार्टरमध्ये तो एकसंध असतो. पाणसाप, रॅट स्नेक आणि रेसर यांच्यात तो तिरका दुभागलेला असतो. मात्र मॅसासॉगाचाही हा खवला एकसंध असतो, म्हणून बाहुली आधी आणि हा खवला नंतर.

वळवळणाऱ्या सापाचे खवले मोजत बसण्यापेक्षा त्याने टाकलेली कात मिळाली तर ती तपासणं सोपं. कात पाण्यात भिजवून कागदावर पसरा आणि अंगाच्या मध्यावर तिरक्या ओळी मोजा. गार्टरमध्ये साधारण 19 भरतात, पाणसापात 21 किंवा त्याहून जास्त.

प्रश्न: माझ्या सापाचे डोळे निळसर आणि अंग राखाडी झालं आहे. हा दुर्मीळ निळा गार्टर का?

उत्तर: नाही, तो कात टाकणार आहे. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साचतो, त्याने डोळे दुधी निळे दिसतात. काही दिवसांत ते पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत कात पडते. रंगाचा निर्णय त्यानंतर करा. खरे निळ्या पट्ट्यांचे गार्टर फ्लोरिडाच्या आखाती किनाऱ्याकडे असतात. सॅन फ्रान्सिस्को द्वीपकल्पावरचा लाल-काळ्या पट्ट्यांचा, निळसर पोटाचा गार्टर मात्र 1967पासून संरक्षित आहे. तो सुंदर आहे म्हणून उचलणं हा थेट गुन्हा.

प्रश्न: रानातला असा साप ठेवता येतो का?

उत्तर: नियम राज्यागणिक बदलतात, काही ठिकाणी परवाना लागतो, काही ठिकाणी संख्येवर मर्यादा असते. राज्याच्या वन्यजीव विभागाला आधी विचारा. राज्याचा नियम मोडून पकडलेला साप दुसऱ्या राज्यात नेला तर लेसी कायद्याखाली (वन्यजीवांच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा अमेरिकेचा कायदा) तो केंद्रीय गुन्हाही होतो. आमचं मत विचाराल तर फोटो काढा आणि आजच त्याच दगडाखाली सोडा. काळ्या रंगाचा गार्टर हवाच असेल तर पिंजऱ्यात जन्मलेली पिल्लं मिळतात. ती खायला लवकर लागतात आणि सहसा त्यांच्या पोटात रानातले जंतही नसतात.

प्रश्न: परवानगी आहे असं धरू. पेटी कशी असावी?

उत्तर: एका प्रौढ सापाला 75 लिटरची, उंच नव्हे तर लांब पेटी. एका टोकाला 28 ते 30 अंश सेल्सियस, दुसऱ्या टोकाला 21 ते 24, आणि दोन्हीकडे लपायला जागा. ऊब देणाऱ्या साधनाला थर्मोस्टॅट लावाच. झाकणाला चिमटे हवेत. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून पिल्लू निसटतं. पाण्याचं भांडं साप बसेल एवढं चालेल, पण खालचा थर कोरडा असावा. सर्वांत जास्त चूक इथेच होते: गार्टर पाण्याजवळ राहतो म्हणून लोक पेटी ओली ठेवतात आणि पोटाच्या खवल्यांवर फोड येतात. नवा साप 90 दिवस इतर सापांपासून वेगळा ठेवा, खाली पांढरा कागद अंथरा. त्यावर गोचिड्यांसारख्या बारीक परजीवींचे काळे ठिपके आणि पातळ विष्ठा लगेच दिसते.

हाताळताना तो दुर्गंधी द्रव सोडेल. तो धुऊन जातो, वास जायला वेळ लागतो. चावला तर बहुतेकांना ओरखडा उठतो, क्वचित सूज येते. साल्मोनेलाचा धोका खरा आहे, म्हणून हात साबणाने धुवा आणि भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका.

प्रश्न: छोटे गोल्डफिश आवडीने खायचा. आता तोल जातो, उलटा केला तर सरळ होत नाही. का?

उत्तर: गोल्डफिशमुळेच. गोल्डफिश, फॅटहेड मिनो आणि स्मेल्ट या माशांत थायमिनेज हे विकर (एन्झाइम) असतं; ते ब1 जीवनसत्त्व मोडून टाकतं. साप खात असतो, जाडही दिसतो आणि आतून मज्जासंस्था बिघडत जाते. मासा गोठवल्याने विकर जात नाही. ते घालवायला 80 अंशांवर 5 मिनिटं तापवावं लागतं. आज हे मासे बंद करा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. वेळेत थायमिनचं इंजेक्शन मिळालं तर पुष्कळदा साप सावरतो.

पुढे ट्राउट, सॅल्मन किंवा तिलापियाचे तुकडे द्या, पण नुसते नकोत: काटा काढलेल्या माशात कॅल्शियम नसतं. मोठी गांडुळं चालतात. कंपोस्टची लाल गांडुळं मात्र देऊ नका, ती सापाला बाधतात. सर्वांत पुरं अन्न म्हणजे उंदराची गोठवलेली पिल्लं, नीट वितळवून. रानातून आलेला साप ती ओळखतच नाही. पिल्लावर मासा किंवा गांडूळ चोळून वास लावा आणि हा वास दर वेळी थोडा कमी करत न्या. लहानांना आठवड्यातून दोनदा, प्रौढाला 5 ते 7 दिवसांनी एकदा. खाल्ल्यावर पेटी गार राहिली तर तो ओकतो. दोन साप असतील तर वेगवेगळ्या डब्यांत खायला घाला. एकाच गांडुळाची दोन टोकं दोघांनी धरली की एक दुसऱ्यालाच गिळू लागतो.

प्रश्न: काळ्या मादीला पिल्लं झाली, पण एकही काळं नाही. बाप दुसऱ्या जातीचा होता का?

उत्तर: नाही. काळेपणा अप्रभावी जनुकाने येतो. आई-बाप दोघांकडून मिळाला तरच दिसतो. बाप पट्टेवाला असला आणि त्याच्यात ते जनुक दडलेलं नसलं तर सगळी पिल्लं पट्टेवाली, पण प्रत्येकात ते जनुक दडलेलं. अशा दोघांची जोडी लागली की सरासरी चारांत एक काळं निघतं. गार्टर अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देतो, बहुतेकदा उन्हाळ्याच्या उत्तरार्धात. म्हणून जून-जुलैत पकडलेली जाड मादी घरात 20-30 पिल्लं टाकू शकते, आणि तेवढ्यांना खाऊ घालायची तयारी नसेल तर ती उचलूच नका.

प्रश्न: वर्षभर ठेवलेला साप आता सोडून देऊ का?

उत्तर: नको. इतर सापांजवळ राहिलेल्या सापाकडून रानात बुरशीजन्य आजार पोचू शकतो. राज्याच्या वन्यजीव विभागाला किंवा सर्प-संस्थेला विचारून त्याची सोय करा.