काचेच्या ऑफिसांना इतका एसी का लागतो?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. पुण्यातली काचेची आयटी ऑफिसं पाहिल्यापासून 'एवढ्या उन्हाच्या देशात एवढी काच कशाला?' असं विचारत असते. तिला आर्किटेक्चर करायचंय, मला मेकॅनिकल बरं वाटतं. इमारतींची वीज वाचवणं हे काम नेमकं कुणाचं? – एक पालक, सोलापूर

उत्तर : नमस्कार. काम दोघांचंही आहे, पण पहिला हात आर्किटेक्टचा. इमारतीचं तोंड कुठे, खिडक्या केवढ्या, हे आधी कागदावर ठरतं. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा सावली देतो. पश्चिमेला दुपारनंतर ऊन तिरपं आत शिरतं, तिथे छज्जा पुरत नाही. उभ्या पट्ट्या लावाव्या लागतात, नाहीतर काचच कमी ठेवावी लागते. हे चुकलं, की मेकॅनिकल इंजिनिअरला मोठा एसी प्लँट बसवण्यावाचून गत्यंतर नसतं आणि त्याचं बिल पुढे वर्षानुवर्षं भरावं लागतं.

इन्फोसिसने हैदराबादला एका ऑफिस इमारतीचे दोन सारखे भाग केले. एकात नेहमीचा सेंट्रल एसी, दुसऱ्यात स्लॅबमध्ये थंड पाण्याच्या नळ्या. नळ्यांच्या भागात थंडाव्यासाठी सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की अशा नळ्या फार उष्णता शोषू शकत नाहीत. भिंती, काचा आणि सावलीनेच ऊन बाहेर अडवलं होतं, म्हणून त्या पुरल्या. असं काम आर्किटेक्ट आणि इंजिनिअर पहिल्या दिवसापासून एकत्र बसले तरच जमतं.

आपल्याकडे 2007 साली व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता, म्हणजे वीज वाचवणाऱ्या बांधकामाची नियमावली आली, 2017 मध्ये ती सुधारली. त्यामुळे इमारतीच्या उन्हाचे आणि विजेचे हिशेब येणाऱ्यांना काम आहे.

चित्र काढण्यात ती रमत असेल, तर तिला आर्किटेक्चर करू द्या, असं मी मनापासून सांगेन. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, त्याची तयारी ठेवा. गणित आणि फिजिक्स सोडू नका, नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा द्या. कॉलेजात असतानाच इमारतीला किती ऊर्जा लागेल याचा हिशेब करणारं एनर्जीप्लस हे मोफत सॉफ्टवेअर शिकता येईल. पुढे अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात याच विषयातलं पदव्युत्तर शिक्षण आहे. मेकॅनिकल घेतलं, तर एचव्हीएसी (एसी, हीटिंग आणि हवा खेळती ठेवणारी यंत्रणा) डिझाइन किंवा अनुभवानंतर एनर्जी ऑडिटरची, म्हणजे ऊर्जेचा वापर तपासणाऱ्याची परीक्षा, हेही चांगले रस्ते आहेत.

परीक्षा संपली, की तिला एक साधा थर्मामीटर आणून द्या. घरातल्या पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या खोलीचं तापमान आठवडाभर, दर दोन तासांनी वहीत लिहू दे. मग त्या आकड्यांवरून खिडकी कुठे हवी होती, हे तिने घराचा नकाशा काढून तुम्हाला समजावलं, तर फॉर्म कोणता भरायचा हे ठरवणं दोघांनाही सोपं जाईल.